पक्का रंग, चाळीस बोटं

त्या सिनेमात मी एकूण अकरा सेकंद दिसते. त्यातले चार सेकंद माझी नुसती पाठ आहे. तरीही आमच्या जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमध्ये तो सिनेमा माझाच म्हणून ओळखला जातो. पाहुणे आले की नवरा मोबाइल काढतो आणि पडद्यावरच्या पाठीवर बोट ठेवून सांगतो, "ही हिची." एवढ्या अभिमानानं त्यानं माझ्या बी.एड.च्या निकालाबद्दलही कुणाला सांगितलं नव्हतं.

सिनेमाची गोष्ट दूरच्या एका जंगलातली. तिथं वर्षानुवर्षं बंदुकांचं राज्य, डोंगरातल्या पाड्यावर मतदान असं कधी झालेलंच नाही. एक सरळमार्गी अधिकारी हट्टानं तिथं केंद्र उघडून बसतो. मत द्याल तर खबरदार, अशी धमकी आलेली असते. आता लोक येतात की नाही, एवढाच प्रश्न. बावीस मिनिटांचा सिनेमा. केलाय माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीनं. चौथीत असताना ती कविता म्हणायला उभी राहिली की बाकावर चढायची, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. आता ती पुण्यात सिनेमा शिकते आणि हा तिचा शेवटच्या वर्षाचा सिनेमा होता.

खऱ्या जंगलात जायची तिची ऐपत नव्हती, म्हणून तिनं जंगल आमच्याकडं आणलं. मंद्रूपच्या अलीकडं तिच्या मामाचं शेत आहे, त्याच्या कडेला वेड्या बाभळीचं रान माजलंय. कॅमेरा जमिनीला टेकवून वर बघितलं की बाभूळसुद्धा घनदाट दिसते, असं तिचं म्हणणं. आणि खरंच दिसते! मी स्वतः जमिनीवर आडवी होऊन बघितलं. उठताना साडीत इतके काटे होते की पुढचा अर्धा तास मी जंगलाचाच एक भाग होते.

मला तिनं बोलावलं ते सल्ल्यासाठी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बावीस वर्षं शिकवते, म्हणजे बावीस वर्षं निवडणुकीच्या ड्यूट्या करते. त्यातही माझं खातं ठरलेलं, बोटाला शाई लावायचं. डाव्या हाताची तर्जनी, नखाच्या वरपासून पहिल्या पेरापर्यंत एक सरळ रेघ, ना थेंब इकडं ना तिकडं. मोठेपणा म्हणून सांगत नाही, पण माझ्या रेघेसारखी रेघ तालुक्यात कुणाची नाही. मी हे तिला सांगितलं मात्र, तिचे डोळे चमकले. "बाई, मग तुम्हीच करा की तो रोल." मी दोनदा नाही म्हणाले. तिसऱ्यांदा तिनं विचारलंच नाही तर काय, या भीतीनं लगेच हो म्हणून टाकलं.

आता हवी होती डोंगरातली दिसणारी चाळीस माणसं. त्यासाठी मी आमच्या मावशींना गाठलं. मावशी म्हणजे शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बाई. पंधरा वर्षं त्यांची खिचडी खाऊन पोरं मोठी झाली, आम्ही मास्तर लोक जाड झालो. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर राहतात, आणि वस्तीवर त्यांचा शब्द चालतो. मी त्यांना सांगितलं, सिनेमात डोंगरातली माणसं पाहिजेत.

"आमी काय डोंगरातली दिसतो व्हय?" मावशी भडकल्या. मग तवा खाली उतरवून म्हणाल्या, "जेवाण हाय का तितं?"

जेवण होतं. रविवारी सकाळी चाळीस माणसं हजर झाली. बायका काठापदराच्या साड्या नेसून, केसांत गजरे, पुरुष कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यात, आणि एकजण तर गॉगल लावून. दिग्दर्शिकेनं कपाळाला हात लावला. भीतीच्या सावटाखाली मैलोन्‌मैल चालत आलेले गरीब मतदार तिला हवे होते. आलं होतं लग्नाचं वऱ्हाड. तिनं जरा मळके कपडे घालता का असं विचारलं, तर मावशी म्हणाल्या, "सिनेमात यायचं आन् जुनेर नेसायचं? उद्या सोयऱ्यांनी बगितलं तर?" शेवटी वाटाघाटी होऊन गजरे उतरले आणि सगळ्यांच्या अंगावर मूठमूठ माती उडवली गेली. गॉगलवाला शेवटपर्यंत ऐकला नाही. सिनेमात तो आहे, नीट बघितलं तर दिसतो.

इथं एक सांगायचं राहिलं. मावशी त्याच वेळी खरोखरच निवडणुकीला उभ्या होत्या. ग्रामपंचायतीची निवडणूक आठवड्यावर आली होती, त्यांच्या वॉर्डात बाईची जागा होती, आणि मावशींनी अर्ज भरला होता. त्यांचा एकच मुद्दा. वस्तीवरून शाळेत यायच्या वाटेवर तो ओढा, त्यावर पूल सोडा, साधी मोरी नाही. पावसाळ्यात पोरं कमरेएवढ्या पाण्यातून येतात किंवा येतच नाहीत. पंधरा वर्षं मावशी ओली पोरं चुलीपाशी बसवून वाळवत आल्या होत्या. "आता मीच जाऊन बसते तितं," असं म्हणून त्या उभ्या राहिल्या. समोर दोन बायका, दोघींच्या मागं मोठी घरं. मावशींच्या मागं ती वस्ती, म्हणजे हीच चाळीस माणसं. मी सरकारी नोकर, मी उघड काही बोलू शकत नव्हते. पण मनातून मी इतकी त्यांच्या बाजूची होते की प्रचाराची रिक्षा गेली तरी मला आपलीच वरात निघाल्यासारखं वाटायचं.

त्या रिक्षेनंच आमच्या सिनेमाचा जीव खाल्ला. बाभळीच्या जंगलात जीवघेणी शांतता, मतदार एकेक पाऊल टाकत येतोय, अधिकाऱ्याच्या कपाळावर घाम, आणि तेवढ्यात पलीकडच्या रस्त्यावरून भोंगा, "ताई-माई-अक्का!" कट. पुन्हा शांतता, पुन्हा पाऊल, पुन्हा घाम, पुन्हा ताई-माई-अक्का. एकेक माणूस सात-सात वेळा मत द्यायला आला. आणि दरवेळी मी त्याच्या बोटाला रेघ ओढली. त्याच जागी, तशीच सरळ. सातव्यांदासुद्धा माझा हात हलला नाही, याचं मला तेव्हा किती कौतुक वाटलं!

आता त्या रंगाकडं येते.

खरी शाई बाहेर मिळत नाही, मिळू नयेच. म्हणून मी शहरातल्या आमच्या ओळखीच्या रंगाऱ्याकडं गेले. तीन पिढ्या टॉवेलचं सूत रंगवणारं घर. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी. मी सांगितलं, "सिनेमासाठी आहे, अगदी मतदानाच्या शाईसारखा रंग द्या." अंगाला काही होणार नाही ना, एवढं मात्र आठवणीनं विचारलं. तो म्हणाला, "काय बी होत न्हाय, बाई. माजे हात बगा की." बघितले. दोन्ही हात कोपरापर्यंत जांभळे-निळे होते. ते बघूनसुद्धा माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही. मी बाटली पिशवीत टाकली आणि वर त्याला धन्यवाद दिले.

सोमवारी रंग गेला नाही, तेव्हा मी हसले. मंगळवारी जरा कमी हसले. माझ्याही बोटाला होता, कारण रंग कसा दिसतो हे बघायला दिग्दर्शिकेनं पहिली रेघ माझ्यावरच ओढली होती. मी लिंबू चोळलं, मीठ चोळलं, नवऱ्यानं दाढीचा साबण दिला. रेघ उलट चकाकायला लागली. रंगाऱ्याला फोन केला.

"कच्चा रंग पाहिजे असं तुमी बोललाच न्हाय की," तो म्हणाला. "शाईसारका म्हणालात. ती शाई जाते का?"

"अहो, पण दिसायला!"

"बाई, आमच्या घरातनं सुटणारा रंग भाईर गेला, तर सोलापुरात तोंड दाखवायला जागा न्हाय ऱ्हायची." त्याच्या आवाजात दुखावल्याचा सूर होता. वर त्यानं मला धीर दिला. टॉवेलवर पंचवीस धुण्यांची हमी होती, बोटावर तीन आठवडे तरी बघायला नको.

बुधवारी निवडणुकीचं प्रशिक्षण होतं. ड्यूटी मला दुसऱ्याच गावाची आली होती. हॉल गच्च भरलेला, पंखे फिरताहेत, समोरचे साहेब नियम वाचताहेत, अर्धे मास्तर डुलक्या घेताहेत. साहेबांनी वाचलं, "मतदाराच्या डाव्या तर्जनीवर आधीच शाईची खूण आढळल्यास त्यास मतदान करू देऊ नये."

हा नियम मला तोंडपाठ आहे. मी तो नवीन शिक्षकांना शिकवलाय. पण त्या दिवशी तो ऐकला आणि माझी नजर माझ्याच बोटावर गेली. मी हात पदराखाली घ्यायच्या आधीच शेजारच्या गुरुजींनी बघितला आणि मोठ्यानं म्हणाले, "बाई, तुम्ही आधीच मत देऊन आलात का?" सगळा हॉल हसला. मीही हसले, कारण रडायला तिथं जागा नव्हती.

चाळीस बोटं. चाळीसच्या चाळीस मावशींची. आणि रेघ माझ्या हातची, सात थरांची.

स्कूटर काढली ती थेट वस्तीवर. तिथं तर जत्राच भरली होती. कुणी राख घेऊन बसलंय, कुणी चिंच, कुणी रॉकेल. गॉगलवाला विटेच्या तुकड्यानं बोट घासत होता. वर एक म्हातारे आजोबा मला बघून खुशीत म्हणाले, "बाई, निकाल कदी हाय?" त्यांच्या मते मतदान रविवारीच उरकलं होतं. आमच्या प्लायवूडच्या मशीनवर वांगं, डबा आणि पाणबुडी अशी चिन्हं होती. आजोबांनी विचार करून सातही वेळा वांग्याला मत दिलं होतं, आणि वांगं येणार याची त्यांना खात्री होती.

मावशी ओट्यावर बसल्या होत्या. मी नियम सांगितला. त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"मंजे माजी मान्सं मत देऊ शकत न्हाईत?"

"असं नियम म्हणतो."

"बोटाला चिंधी बांदून गेली तर? जखम झाली म्हणून?"

एकाच वस्तीतल्या चाळीस जणांना एकाच बोटाला एकाच दिवशी जखम. मला ते चित्र दिसलं आणि हसू फुटलं. मावशींनाही फुटलं. आम्ही दोघी त्या ओट्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. मग मावशींच्या डोळ्यांना नुसतंच पाणी येत राहिलं, हसू थांबलं, आणि माझ्या जिवाचं पाणी झालं.

दिग्दर्शिकेला फोन केला. ती पुण्याच्या गाडीत बसायच्या बेतात होती, तशीच परत आली. म्हणाली, "बाई, आपल्या सिनेमातला अधिकारी असता तर त्यानं काय केलं असतं?"

"सिनेमातल्या अधिकाऱ्याला पेन्शन नसते गं," मी तिच्यावर खेकसले. पण बोलता बोलताच मला कळलं की दुसरा रस्ता नाही. लपवायचं तर चाळीस जणांनी खोटं बोलायचं आणि ते माझ्यासाठी. सांगायचं तर एकटीनं खरं बोलायचं, आणि जे होईल ते भोगायचं. मी घरी जाऊन चाळीस नावांची यादी केली. वय, घर, कुठल्या बोटाला रंग, सगळं. अक्षर मोत्यासारखं काढलं. नोकरी जायचीच असेल तर निदान अक्षर बघून तरी हळहळले पाहिजेत.

गुरुवारी चाळीस माणसं एका टेम्पोत घालून आम्ही कचेरीत पोचलो. निवडणुकीची सगळी जबाबदारी ज्यांच्यावर ते साहेब फायलींच्या मागं बसले होते. मी म्हणाले, "सर, माझ्या हातून एक चूक झालीय." आणि मागं वळून खूण केली. चाळीस बोटं एकदम वर झाली.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

मी बोलत गेले. सिनेमा, जंगल, रंगारी, पंचवीस धुण्यांची हमी. बोलता बोलता माझ्याच कानाला ते इतकं खोटं वाटायला लागलं की माझा आवाज चिरकला. तेव्हा दिग्दर्शिकेनं लॅपटॉप उघडून साहेबांच्या पुढ्यात ठेवला. पडद्यावर मी. रेघ ओढतेय. कट. परत मी, परत तेच बोट. कट. ताई-माई-अक्का. कट. साहेबांनी सगळं बघितलं, एकही कट न गाळता. बाहेर शिपाई, कारकून, दाखल्याला आलेले लोक दारात गर्दी करून बघत होते. आजोबा प्रत्येकाला सांगत होते, "ह्यो मी."

शेवटी साहेब मान वर न करता म्हणाले, "बाई, तुमच्याकडून रजिस्टरवर मतदाराची सही राहिलीय. शाईबरोबर सहीपण लागते."

मी म्हणाले, "ती पुढच्या दृश्यात आहे, सर."

साहेब हसले. असे हसले की टेबलावरचा कागद उडाला आणि शिपायानं तो पकडला. मग एकदम कामाला लागले. यादी तपासली, प्रत्येक बोटाचा फोटो काढवला, तिन्ही उमेदवारांना बोलावून घेतलं. समोरच्या दोघींच्या माणसांनी थोडी कुरकुर केली, पण लॅपटॉप बघितल्यावर तेही हसत सही करून गेले. ठरलं असं, की या चाळीस जणांना खरी शाई मधल्या बोटाला लावायची, आणि यादी केंद्रावर सगळ्यांसमोर ठेवायची. मला साहेबांनी चहा पाजला. चहा पिऊन झाल्यावर कारणे दाखवा नोटीसही दिली. मी ती इतक्या आनंदात घेतली की त्यांना वाटलं, मी वाचलीच नाही.

रविवारी मी माझ्या ड्यूटीच्या गावात शाई लावत होते आणि जीव माझा त्या वस्तीवर होता. सामान जमा करायच्या रांगेत उभी होते तेव्हा मावशींचा फोन आला. "बाई, चाळीसच्या चाळीस!" मागं हलगी वाजत होती. आजोबांना आत गेल्यावर वांगं सापडेना म्हणून जरा वेळ लागला, एवढंच. मी त्या रांगेत उभ्या उभ्या नाचले. लोक बघत होते, बघू देत.

दुसऱ्या दिवशी निकाल. मावशींना तेहेतीस मतं पडली. तिसरा नंबर.

मी दोनदा विचारून खात्री केली. मतं तेहेतीस. बोटं चाळीस, त्यात एक मावशींचं स्वतःचं.

मंगळवारी मी शाळेत पोचले तेव्हा मावशी नेहमीसारख्या तांदूळ निवडत होत्या. सकाळपासून वस्तीवरची माणसं येत होती. एकेकजण दारात उभं राहून दोन-दोन रंगलेली बोटं वर करायचं आणि म्हणायचं, "आयच्यान सांगतो, मी तुलाच दिलं." मावशी म्हणायच्या, "व्हय रं, मला म्हाईत हाय." गॉगलवाला आला, आजोबा आले, सगळे आले. सगळ्यांनी मावशींनाच मत दिलं होतं. दुपारपर्यंत शपथा ऐकून ऐकून माझं डोकं तापलं.

"निदान सात जण तोंडावर खोटं बोलून गेले, मावशी," मी म्हणाले. "यादी माझ्या हातची आहे, मला एकेक नाव पाठ आहे. तो मगाशी आला, त्यानं नजर चुकवली की नाही? आणि त्या दोघी—"

"बाई, नगा करू तसं."

"तुम्हाला राग नाही आला?"

"आला की. लई आला. काल घास उतरला न्हाय." त्यांनी सुपातला एक खडा टिपून बाहेर टाकला. "पर मशीनीला आडोसा कशाला करत्यात? मला कळू नये म्हणूनच की. मग मी कशाला हुडकू? आन् समजा गावला एकजण. उद्या त्याच्या पोराला खिचडी कमी वाढू व्हय?"

घंटा झाली, पोरं ताटल्या घेऊन रांगेत उभी राहिली. मावशी वाढत होत्या, प्रत्येकाला एक पळी आणि मागितली की आणखी अर्धी. मी शेजारी उभी राहून एकेका पोराचं तोंड बघत होते, त्या सातांत याचा बाप असेल का, हिची आई असेल का, असं मनात म्हणत. रांग अर्धी संपली तेव्हा मी काय करतेय ते माझं मला कळलं, आणि मला माझी फार लाज वाटली.